पुस्तक छापले, प्रकाशित कुठे केले?

‘आपली माणसे वाचत नाहीत.’ धर्मगुरूंच्या बैठकीत, धर्मग्राम समितीच्या सभेत आणि आपल्या लेखकांच्या मेळाव्यात हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षे ऐकत आलो आहे. खोटे कशाला बोलू, अनेकदा स्वतःही उच्चारले आहे. आज मला या वाक्याविरुद्धच लिहायचे आहे. वाचकावर ठेवलेला हा आरोप बव्हंशी अन्यायाचा आहे आणि त्याच्या आडोशाला आपण आपले अज्ञान झाकून ठेवले आहे. ग्रंथ लिहावा कसा, हे आपल्याला थोडेफार कळते. तो वाचकाच्या हाती पोहोचवणे ही एक स्वतंत्र विद्या आहे आणि ती रीतसर शिकावी लागते, हे मात्र आपल्या गावीही नाही.

दुसऱ्याचे कशाला, माझेच उदाहरण देतो. पूर्वी एका धर्मग्रामात सेवेला असताना तेथील चर्चच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मी धर्मग्रामाचा इतिहास लिहिला. १००० प्रती छापल्या. प्रतीमागे खर्च आला ६० रुपये, किंमत ठेवली ८०. विक्रेत्याकडे गेलो, तर त्याने ४० टक्के सवलत मागितली. म्हणजे ८० तून ३२ गेले, हाती उरले ४८. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे १२ रुपयांचा तोटा! त्याला मनातल्या मनात नफेखोर ठरवून मी परतलो. सणाच्या दिवशी २५० प्रती खपल्या, २०० पाहुण्यांना भेट दिल्या, उरलेल्या सॅक्रिस्टीच्या माळ्यावर गेल्या. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांना वाळवी लागली, आणि पुढच्या रविवारी मी प्रवचनात म्हणालो, ‘आपली माणसे वाचत नाहीत!’

नफेखोर तो विक्रेता नव्हता. अडाणी मी होतो. दुकानाचे भाडे, वाहतूक, न खपलेल्या प्रती आणि लेखकाचे मानधन हे सारे किमतीत धरावे लागते, म्हणूनच ती छपाईखर्चाच्या कितीतरी पट ठेवतात, हे मला ठाऊक नव्हते. आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात विनामूल्य मिळतो, हेही माहीत नव्हते. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवलीच पाहिजे, हे तर स्वप्नातही नव्हते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात हजारो वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळते आणि मराठी पुस्तकांचे ते मोठे ग्राहक आहेत. आपल्या रत्नागिरीतले नगर वाचनालय तर १८२८ पासूनचे. माझ्या पुस्तकाची एकही प्रत मी तिथे नेऊन दिली नाही. मग वाचक वाचणार तरी काय?

आपल्या समाजाच्या इतिहासातही हेच दिसते. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात उतरला, तो येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर. फादर स्टीफन्स यांचे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघाले. अडतीस वर्षांत तीन आवृत्त्या! त्या काळच्या भाविकांनी वाचल्या-ऐकल्याशिवाय का? पुढे सत्तेचे धोरण फिरले, १६८४ मध्ये देशी भाषांविरुद्ध फर्मान निघाले आणि गोव्यातील छपाईही थंडावली. त्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो श्रद्धाळू हातांनी उतरवलेल्या पोथ्यांमुळे. त्याची देवनागरी छापील आवृत्ती १९५६ साली पुण्यात निघाली, तीही आपल्या समाजाबाहेरच्या एका अभ्यासकाच्या, शांताराम बंडेलू यांच्या, परिश्रमाने. मराठी वाचकाला ३४० वर्षे थांबावे लागले. लेखक होता, वाचक होता. तुटला होता तो मधला दुवा.

हा दुवा म्हणजेच प्रकाशक. त्याचे शिक्षण विद्यापीठात द्यावे, असे म्हटले की आक्षेप येतात. पहिला असा, की प्रकाशन हा दुकानात बसून शिकण्याचा धंदा आहे, मौजेच्या श्री. पु. भागवतांनी कोणती पदवी घेतली होती? आक्षेप खरा आहे, पण अपुरा. गिरगावात किंवा पुण्याच्या पेठांत ही विद्या एका पिढीने दुसरीला दिली. रत्नागिरीच्या बंदरावरील एखाद्या मुलीने कोणाच्या दुकानात बसावे? ज्यांच्या घरात परंपरा नाही, त्यांच्यासाठीच तर विद्यापीठे असतात. ग्रंथपालनशास्त्र आणि पत्रकारिता यांविषयीही लोक एकेकाळी हेच म्हणत असत.

दुसरा आक्षेप आपल्यातील सज्जनांचा: श्रद्धेचा बाजार मांडू नये. बाजार मांडणे निराळे आणि बाजार समजून घेणे निराळे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ राजहंस प्रकाशनाने काढले, म्हणून ते इतर मराठी ग्रंथांच्या पंक्तीला जाऊन बसले. त्यामुळे पवित्र शास्त्राचे काय बिघडले? व्हॅटिकन परिषदेने तर १९६३ च्या ‘इंटर मिरिफिका’ या आदेशात धर्मगुरू आणि प्रापंचिक यांना प्रसारमाध्यमांचे रीतसर शिक्षण मिळावे, त्यासाठी विद्यालये आणि संस्था वाढवाव्यात, असे स्पष्ट सांगितले. त्या आदेशाला साठ वर्षे उलटून गेली.

तिसरा आक्षेप तरुणांचा: मोबाईलच्या काळात पुस्तक कोण घेतो? परंतु नव्या यंत्रांवर आता पन्नास प्रतीही छापता येतात, संपल्या की पुन्हा छापता येतात. हजार प्रतींचा गठ्ठा माळ्यावर टाकण्याची सक्ती उरलेली नाही. आपल्यासारख्या लहान समाजाला इतकी अनुकूल वेळ पूर्वी कधी आली नव्हती.

म्हणून माझे म्हणणे तिघांना आहे. विद्यापीठांनी मराठीच्या विद्यार्थ्याला कादंबरीचे घटक शिकवावेत, तसेच संपादन, मुद्रितशोधन, करार, स्वामित्वहक्क, किंमत आणि वितरण हेही पूर्ण विषय म्हणून शिकवावे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने ग्रंथप्रकाशनाची पदविका आखून हे होऊ शकते, हे दाखवले आहे. मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र रत्नागिरीत आहे, मराठीसाठी रिद्धपूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले आहे, २०२४ साली भाषेला अभिजात दर्जाही मिळाला. दर्जाचा गौरव ग्रंथ वाचकापर्यंत नेऊ शकत नाही. त्यासाठी शिकलेली माणसे लागतात. धर्मग्रामांनी सणाच्या रोषणाईतून आणि बँडच्या खर्चातून थोडे वाचवून एका तरी मुलामुलीला या शिक्षणासाठी पाठवावे. परिचारिका आणि अभियंते आपण पुष्कळ घडवले. प्रकाशक किती घडवले? आणि आम्हा धर्मगुरूंनी पुस्तके फुकट वाटणे थांबवावे. फुकट दिलेले पुस्तक वाचले गेले की नाही, हे देणाऱ्यालाही कळत नाही.

गेल्या नाताळात एका वृद्ध निवृत्त शिक्षिकेने माझ्यापुढे दोन वह्या ठेवल्या. किनाऱ्यावरील आपल्या कुटुंबांची लग्नगीते, रूढी, मृतांसाठी म्हणावयाच्या प्रार्थना, सारे सुवाच्य अक्षरात लिहिलेले. ‘फादर, छापाल का?’ त्यांनी विचारले. छापून देणारे छापखाने गावात आहेत. उद्या सकाळीही छापून मिळेल. पण ते पुस्तक चिपळूणच्या, वसईच्या, मुंबईच्या घराघरात नेणारा माणूस मला माहीत नाही. मी त्यांना अजून होकार दिलेला नाही. आपल्यापैकी कोणाचा मुलगा किंवा मुलगी ही विद्या शिकायला तयार असेल, तर मला येऊन भेटावे. वह्या माझ्या कपाटात आहेत, आणि पावसाळा दूर नाही.