नामस्मरण आणि शेजाऱ्याचे कान

गणेशोत्सव आला की आमच्या उपनगरांचे रूपच पालटते. बोरिवली-अंधेरीकडे काय किंवा मुलुंड-घाटकोपरकडे काय, घराघरांतून आरतीचे सूर कानी पडतात आणि मन प्रसन्न होते. परंतु याच मंगल दिवसांत आमच्या हातून घडलेला एक प्रमाद वाचकांस सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

गतवर्षी चतुर्थीच्या सकाळी बोरिवलीहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसून आम्ही मोबाइलवर अथर्वशीर्ष लावले. चार जणांच्या कानी मंत्र पडावेत, ही भावना. समोरचा तरुण हात जोडून म्हणाला, "काका, देवाचंच आहे, कळतं मला. पण इस्पितळातली रात्रपाळी करून आलोय. जरा बंद करता का?" आम्ही मोबाइल बंद केला खरा, पण मनातून रुष्ट झालो. देवाचे नावही यांना सोसवेना! अंधेरी येईपर्यंत तो तरुण गाढ झोपी गेला होता. त्याचा थकलेला चेहरा पाहिला आणि आमचा रोष ओसरला.

एप्रिल २०२३ मध्ये 'बेस्ट'ने आपल्या बसगाड्यांत इयरफोनवाचून मोठ्याने मोबाइल वाजविण्यास मनाई केली, तेव्हा आम्ही तिचे स्वागतच केले होते. हा नियम सिनेमाच्या गाण्यांसाठी आहे, आपल्या स्तोत्रांसाठी नव्हे, अशी आमची सोयीस्कर समजूत! शिणलेल्या कानांना असा भेद करता येत नाही.

आमच्या शास्त्रांनीही तो केलेला नाही. जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार सांगून त्यांत मानस जपास श्रेष्ठ मानले आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर दुसऱ्याला उद्वेग न देणाऱ्या बोलण्यालाच वाणीचे तप म्हटले आहे. मग उद्वेग देणाऱ्या स्तोत्रश्रवणाचे पुण्य आपल्या पदरी कसे पडावे?

लोकलमधील भजनी मंडळींचे काय, असे कोणी विचारील. ती मुंबईची जुनी परंपरा आहे. तेथे माणसे स्वतःच्या कंठाने गातात, आणि त्यांचा डबा नेहमीच्या प्रवाशांस ठाऊक असतो. तरीही कोणी विनंती केली, तर टाळ हळू करणे हेच त्या अभंगांना शोभेल. गाणाऱ्याला समोरचा चेहरा दिसतो. यंत्राला तो दिसत नाही. तो आपणच पाहावयाचा असतो.

म्हणून यंदा प्रवासात स्तोत्र ऐकावयाचे, तर इयरफोन लावून ऐकावे. नाहीतर ओठांतल्या ओठांत म्हणावे. घरातील मुलांनाही हेच वळण लावावे. गजाननाचे एक नाव शूर्पकर्ण आहे. ज्याचे कान सुपाएवढे, त्याला मनातली हाक ऐकू येणार नाही काय?