अठरावा वाढदिवस म्हणजे डिस्चार्ज नव्हे



आज कुठल्या एका आजाराबद्दल लिहीत नाही. आजार जिथून सुरू होतात, त्या जागेबद्दल लिहितोय. आणि थोडं रागानेच लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी एका रात्री पोटात उजवीकडे दुखतंय म्हणून एक मुलगा आला. अपेंडिक्स सुजलेलं, लगेच ऑपरेशन करणं गरजेचं. काउंटरवर नेहमीचा प्रश्न झाला, "सोबत कोण आहे? नातेवाइकाची सही लागेल." तो म्हणाला, "कुणी नाही." "आई-वडील?" "नाहीत." "काका, मामा, कुणीतरी असेल ना?" तो गप्प. वय अठरा पूर्ण. काही महिन्यांपूर्वीच बालगृहातून बाहेर पडलेला.

इथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. अठरा वर्षं पूर्ण झालेला आणि शुद्धीवर असलेला रुग्ण स्वतःच्या ऑपरेशनला स्वतः संमती देऊ शकतो. कायद्याने तेवढं पुरेसं आहे. पण आपल्याकडे नातेवाइकाशिवाय रुग्ण ही कल्पनाच कुणाला झेपत नाही. म्हणजे बघा, बालगृहाने त्याला सांगितलं, "तू आता मोठा झालास, बाहेर पड." आणि रुग्णालयाने सांगितलं, "तू लहान आहेस, मोठं माणूस घेऊन ये." शेवटी मोंढ्यात त्याच्यासोबत पोती उचलणारा एक मित्र आला आणि काम पुढे सरकलं.

ऑपरेशन नीट झालं. डिस्चार्जच्या दिवशी मी सवयीने म्हणालो, "घरी आराम कर. काही आठवडे वजन उचलायचं नाही." त्याने मान हलवली. घर म्हणजे पाच जणांची एक खोली, आणि पोट म्हणजे पोती उचलून मिळणारी रोजची हमाली. माझा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होता आणि त्याच्यासाठी पूर्ण निरुपयोगी. टाके काढायला तो आलाच नाही.

ही मुलं कोण?

"अनाथ" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाळण्यातलं बाळ येतं. प्रत्यक्षात बालगृहातल्या बऱ्याच मुलांना आई किंवा वडील, एक कुणीतरी असतं. वडिलांनी कर्जापायी आत्महत्या केलेली, आई ऊसतोडीला जाणारी. आई-वडील एचआयव्हीने गेलेले, आजी थकलेली. कुणी रेल्वे स्टेशनवर सापडलेलं. काही मुलं संस्थेत वाढतात, काही बालसंगोपन योजनेच्या मदतीवर नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात. वाटा वेगवेगळ्या, पण अठरा पूर्ण झाले की बहुतेकांची गत एकच. छप्पर किंवा अनुदान, आणि पाठोपाठ विचारपूस करणारं माणूस, सगळं एकदम थांबतं.

अठराव्या वर्षी माणूस मोठा होतो का?

मतदानापुरता होतो. मेंदूच्या बाबतीत नाही. पुढचा विचार करणं, धोका ओळखणं, राग आवरणं ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतात आणि तो भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटून जाते. त्यात ज्यांचं बालपण मारहाण, उपासमार किंवा ताटातुटीत गेलं, त्यांच्या शरीरावर त्या ताणाचा ठसा राहतो. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की बालपणातले आघात जितके जास्त, तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसनं, एवढंच नव्हे तर हृदयविकाराचंही प्रमाण जास्त. म्हणजे ज्या मुलांना आधार जास्त काळ हवा, त्यांचाच आधार आपण सगळ्यात आधी काढतो.

ओपीडीत याचं रूप साधं असतं. मुलगी सहा महिने पाळीच्या त्रासाबद्दल कुणाला बोललेली नसते, कारण विचारणारं कुणी नसतं. मुलगा वडापाववर दिवस काढतो, हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. "घरात कुणाला मधुमेह, दमा, टीबी?" या प्रश्नाला उत्तर नसतं. लहानपणीच्या लसींची आणि आजारांची फाइल संस्थेच्या कपाटातच राहिलेली असते. योजनेच्या काउंटरवर रेशनकार्ड किंवा अधिवास प्रमाणपत्र मागतात, आणि हा उभा राहतो आधार कार्ड घेऊन, ज्यावर अजून बालगृहाचाच पत्ता आहे.

त्याच शहरातली दुसरी अठरा वर्षं

आता लातूरच्या ट्यूशन एरियात एक चक्कर मारा, किंवा नांदेडच्या श्यामनगर, भाग्यनगरात. नीटची तयारी करणारी हजारो मुलं. वय सतरा, अठरा, एकोणीस. कुणासाठी बापाने शेताचा तुकडा विकलाय. कुणाची आई गाव सोडून इथे खोली घेऊन राहिलीय, कारण "मेसच्या जेवणानं पोराचं पोट बिघडतं." एकदा सीट हुकली तर रिपीट, दोनदा हुकली तरी रिपीट. कुणी म्हणत नाही की अठराचा झालास, आता तुझं तू बघ.

मी या आई-बापांना नावं ठेवत नाही. त्यांचं बरोबरच आहे. याच वयाला आधार लागतो, हे त्यांना कुठल्याही डॉक्टरने सांगावं लागलं नाही. माझा प्रश्न एवढाच आहे. स्वतःच्या पोराच्या बाबतीत आपल्याला जे बरोबर कळतं, ते बालगृहातल्या पोराच्या बाबतीत का कळत नाही? नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये त्याला दोन वेळचं जेवण मिळेल, कुणी जात विचारणार नाही, आई-बाप विचारणार नाही. पण जेवल्यानंतर रात्री जायचं कुठे?

कायदा काय म्हणतो?

कायदा आपल्यापेक्षा बराच शहाणा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरा पूर्ण झालेल्या मुलांसाठी २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या सांभाळाची तरतूद आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत ती २३ पर्यंत वाढवता येते. मिशन वात्सल्यमध्ये यासाठी महिना ४,००० रुपयांची सोय आहे. मग अडतं कुठे? कायद्यातल्या एका शब्दावर. बाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक मदत "देता येईल" असं तिथे आहे, "द्यावीच लागेल" असं नाही. "देता येईल" म्हणजे सरकारी फाइलच्या भाषेत काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि गंमत बघा. कोरोनात आई-वडील दोन्ही गमावलेल्या मुलांसाठी केंद्राने २०२१ मध्ये पीएम केअर्स योजना आणली. त्यात अठराव्या वर्षी १० लाखांचा निधी उभा राहतो, अठरा ते तेवीस दरमहा विद्यावेतन मिळतं आणि तेविसाव्या वर्षी ती रक्कम हातात येते. उत्तम योजना आहे. म्हणजे सरकारलाही मान्य आहे की अठराव्या वर्षी हात सोडायचा नसतो. मग ज्याचा बाप साप चावून गेला आणि आई टीबीने गेली, त्याचं तेविसावं वर्ष वेगळं असतं का?

लोक काय म्हणतात?

"आम्हीसुद्धा कष्ट करून वर आलो." खरं आहे. पण तुम्ही तापाने फणफणलात तेव्हा गावी जायला एक घर होतं. कष्ट त्यांनाही नवे नाहीत. पडल्यावर टेकायला जागा नाही, हा फरक आहे.

"अशा मुलांचा भरवसा काय?" हे वाक्य मी सुशिक्षित घरमालकांच्या तोंडून ऐकलंय. जो मुलगा लहानपणापासून पन्नास जणांसोबत वेळेवर उठला, स्वतःचं ताट स्वतः धुतलं, त्याचा भरवसा नाही आणि आपल्या लाडोबाचा आहे?

"हे सरकारचं काम." आहेच. मागायला हवंच. पण सरकार खोली भाड्याने देत नाही, ती तुम्ही देता.

आणि एक राहिलंच. आपल्यातले बरेच जण वाढदिवसाला बालगृहात जाऊन केक कापतात, फोटो काढतात. त्या मुलांचा स्वतःचा अठरावा वाढदिवस कधी असतो, हे आपण विचारलंय कधी? त्या दिवशी केक नसतो, पिशवी भरायची असते.

हे जमतं का? आपल्याकडेच जमलंय

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरलं. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबादची जवळपास १,२०० मुलं पुण्याला वाघोलीत नेऊन शिकवली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गजवळ "आपलं घर" उभं केलं. तेव्हा लोकांनी मुलांना नुसती चादर आणि बिस्किटाचा पुडा देऊन मोकळं केलं नाही.

आजचं उदाहरण हवं असेल तर औसा तालुक्यात हासेगावला जा. रवी बापटले यांनी तिथे एचआयव्हीबाधित मुलांसाठी सेवालय सुरू केलं. सुरुवातीला या मुलांना शाळेत बसू द्यायलाही गावातून विरोध झाला होता. मुलं मोठी झाली, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न आला, आता कुठे? उत्तर म्हणून "हॅपी इंडियन व्हिलेज" उभं राहिलं. अठरा ओलांडलेली मुलं तिथे राहतात, काम करतात, काहींची लग्नंही झाली.

डॉक्टर म्हणून मला याचं महत्त्व फार वाटतं. एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, पण ती रोज आणि आयुष्यभर घ्यावी लागतात. भाड्याच्या खोलीत पार्टनरपासून डबी लपवणारा मुलगा डोस चुकवतो. डोस चुकत गेले की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. उलट, औषधं नियमित घेऊन विषाणूंचं प्रमाण तपासणीत दिसणार नाही इतकं खाली राहिलं, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. दोन्हींतला फरक कधी कधी एवढाच असतो, "गोळी घेतलीस का?" असं विचारणारं कुणीतरी जवळ आहे की नाही.

तुम्ही काय करू शकता?

• खोली असेल तर भाड्याने द्या. फुकट नको, डिपॉझिटमध्ये सवलत पुरे.

• दुकान, गॅरेज, दवाखाना असेल तर शिकाऊ म्हणून घ्या. संध्याकाळच्या अभ्यासाला वेळ सोडा.

• केकऐवजी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. या वर्षी किती मुलं अठरा पूर्ण करतायत आणि त्यातल्या किती जणांचे अनुरक्षणाचे अर्ज गेलेत, ते विचारा. वारंवार विचारा.

• आई-वडील दोघंही नसलेल्या मुलाला अनाथ प्रमाणपत्र मिळवून द्यायला मदत करा. महाराष्ट्रात २०१८ पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण आहे. तो कागद नसेल, तर त्याचा उपयोग शून्य.

• संस्थाचालकांनो, मुलाला निरोप देताना हातात त्याची आरोग्याची फाइल द्या. लसी, रक्तगट, जुने आजार, ॲलर्जी, चालू औषधं.

• माझ्या डॉक्टर मित्रांनो, "नातेवाईक नाही" म्हणून सज्ञान रुग्णाला ताटकळत ठेवू नका. आणि "घरी आराम कर" म्हणण्याआधी घर आहे का, ते विचारा.

• सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड काम, एका मुलाला तुमचा फोन नंबर द्या. रात्री साडेअकराला उचलायचा, या अटीवर.

आम्ही रुग्णाला डिस्चार्ज देतो तेव्हा कार्डावर पुढची तारीख लिहितो. तारीख न लिहिता कुणाला घरी पाठवलं तर तो हलगर्जीपणा ठरतो. बालगृहाच्या दारातून दर वर्षी मुलं तारखेशिवाय बाहेर पडतात. ती तारीख लिहायचं काम सरकारचं आहे, संस्थेचं आहे, आणि त्या शहरात राहणाऱ्या तुमचं-माझंही आहे.

तो टाके काढायला न आलेला मुलगा कुठे आहे, मला माहीत नाही. त्याला मी माझा नंबर दिला नव्हता.