आधी अंतर मोजा, मग गाडी बघा

‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नाला शोरूममध्ये एका दमात उत्तर मिळते. छोटी हॅचबॅक पेट्रोलवर लिटरला पंचवीसच्या आसपास, सीएनजीवर किलोला चौतीस-पस्तीस. हे आकडे खोटे नसतात. पण ते ज्या चाचणीतून येतात तिच्यात गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर पळते, एसी बंद असतो आणि वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही. तिथे पुण्याजवळचा भूमकर चौक नसतो, की पुनावळ्याच्या भुयारी मार्गापाशी पहिल्या गिअरमध्ये सरकणारी रांग नसते. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे, घरखर्चाचा अंदाज बांधायला नाही. कमी बजेटमध्ये गाडी घेणाऱ्याने ॲव्हरेजच्या आधी स्वतःचे महिन्याचे अंतर काढावे, कारण कोणते इंधन परवडेल ते त्यावर ठरते.

पुणे परिसरातले रावेत याचे चांगले उदाहरण आहे. इथल्या एकाच सोसायटीतून सकाळी काही गाड्या हिंजवडीला जातात, काही चाकणला. हिंजवडीला जाऊन-येऊन साधारण 24 किलोमीटर आणि महिन्याला 22 दिवस धरले, तर वर्षाला सहा हजार तीनशे किलोमीटर होतात. चाकण एमआयडीसीचे जाऊन-येऊन 50 किलोमीटर आणि 25 दिवस धरले, तर पंधरा हजार. आता पेट्रोल 104 रुपये लिटर आणि प्रत्यक्षातले ॲव्हरेज 16 धरू. किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. सीएनजी 90 रुपये किलो आणि ॲव्हरेज 25 धरले, तर तीन रुपये साठ पैसे. म्हणजे किलोमीटरमागे 2 रुपये 90 पैसे वाचतात. सीएनजी मॉडेल नव्वदएक हजारांनी महाग असते, पण दहा लाखांच्या आतल्या गाडीला पेट्रोलवर 11 टक्के रोड टॅक्स आहे आणि सीएनजीवर 8. तो फरक वजा केला तरी 80 हजार जास्त मोजावे लागतात. चाकणवाल्याचे हे पैसे दोन वर्षांच्या आत वसूल होतात. हिंजवडीवाल्याला सव्वाचार वर्षांहून जास्त लागतात, आणि तोवर अनेकांच्या डोक्यात दुसरी गाडी घोळू लागलेली असते.

यावर कोणी म्हणेल, सीएनजी स्वस्तच राहणार, मग उशिरा का होईना, फायदा आहेच. तशी खात्री कोणी देऊ नये. राज्य सरकारने 1 एप्रिल 2022 रोजी सीएनजीवरचा व्हॅट 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणला. त्याच वर्षी युक्रेन युद्धामुळे जगभर वायू महागला आणि काही महिन्यांतच ती सवलत दरवाढीने गिळली. शिवाय पंपावरची रांग, सिलिंडरने खाल्लेली डिकी आणि दर तीन वर्षांनी करावी लागणारी हायड्रो टेस्ट या गोष्टी ब्रोशरच्या तक्त्यात येत नाहीत. इलेक्ट्रिक गाडीचा किलोमीटरचा खर्च याहूनही कमी आहे, हे खरेच. पण ती परवडायची तर स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जर हवा आणि सुरुवातीची जादा किंमत भरून निघेल इतके फिरणे हवे. अंतराचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

मुळात इंधन हा गाडीचा सर्वांत मोठा खर्च नसतोच. वरच्या हिशेबाने हिंजवडीवाल्याचे पेट्रोल वर्षाला 41 हजारांचे. पाच लाखांच्या कर्जाचा हप्ता मात्र, पाच वर्षांची मुदत आणि 9 टक्के व्याज धरून, महिन्याला दहा हजारांच्या वर जातो, म्हणजे वर्षाला सव्वा लाखाच्या घरात. सीएनजीने वर्षाला अठरा हजार वाचवायचे म्हणून कर्ज वाढवणे हा उफराटा व्यवहार झाला. अशा माणसाने कर्ज न काढता घेता येणारी, सर्व्हिसच्या नोंदी असलेली चार-पाच वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक शोधावी. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आल्याने नवीच घ्यावी, असा सल्ला हल्ली मिळतो. पण नव्याचा भाव उतरला की जुन्याचाही उतरतो, हे सल्ला देणारे सांगत नाहीत. जुन्या गाडीला 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने ॲव्हरेज थोडे कमी मिळेल, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. मात्र वर्षाला सहा हजार किलोमीटरवर हा तोटा दोन-तीन हजारांच्या पुढे जात नाही. टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासली आणि ऑफिसला अर्धा तास आधी निघून कोंडी टाळली, तर त्यातला बराचसा भरून निघतो.

महिन्याला सातशे किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याने पेट्रोल गाडीच घ्यावी, तीही शक्यतो जुनी. हजाराच्या पुढे असेल तर सीएनजी घ्यायला हरकत नाही. मधल्यांनी बुकिंगची रक्कम भरण्याआधी एकदा संध्याकाळी सात वाजता आपल्या वाटेवरच्या सीएनजी पंपावरची रांग बघून यावी.