जुन्या गाडीचे मागचे शॉकअप बदलताना

पंधरा-वीस वर्षांची मोटारसायकल आपल्याकडे सहसा भंगारात जात नाही. ती अब्बांकडून थोरल्याकडे आणि थोरल्याकडून धाकट्याकडे जाते. १९९४ साली बाजारात आलेली हिरो होंडा स्प्लेंडर तर अशी किती घरांत सापडेल! इंजिन अजून ठणठणीत असते, पण मागे बसलेल्या अम्मी प्रत्येक खड्ड्याला कंबर धरतात. मग घरात ठरते की शॉकअप बदलायचे. दुकानात गेल्यावर मात्र लाल-पिवळ्या स्प्रिंगा, बाजूला लटकणाऱ्या बाटल्या आणि दुकानदाराचा आग्रह यांत माणूस गोंधळतो. म्हणून वाचकहो, जाण्याआधी चार गोष्टी ठाऊक असू द्या.

शॉकअपमध्ये दोन वेगळी कामे चालतात. वजन स्प्रिंग उचलते. दाबलेली स्प्रिंग उसळू नये म्हणून आतले तेल बारीक छिद्रांतून जाते आणि तिला आवरते. स्प्रिंग वर्षानुवर्षे टिकते, आधी झिजते ते तेलाचे सील. तेल गेले की गाडी होडीसारखी डोलते. त्रास कंबरेपुरता राहत नाही. उसळणारे चाक रस्ता सोडते, आणि ज्या क्षणी ते हवेत असते त्या क्षणी ब्रेकचा उपयोग नसतो. घाटातल्या वळणावर खडी असेल तर याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

तपासणी घरीच होते. गाडी स्टँडवरून उतरवा, सीटचा मागचा भाग जोराने दाबून सोडा. एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा झुलली तर तेल संपले समजा. दांडीभोवती ओलसर, धूळ चिकटलेला पट्टा दिसतो का, पाहा. मात्र दोष शॉकअपवर टाकण्याआधी टायरची हवा बघा आणि मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवून पाहा. ते खडखडत असेल तर बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे बुश गेलेले असतात. तसेच ठेवून नवे शॉकअप लावले तर पैसे वाया जातात.

जुनेच दुरुस्त करून घ्यावेत का? दांडी गुळगुळीत असेल तर सील आणि तेल बदलून काही काळ भागते. दांडीला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवे सीलही लवकरच फाटते. तेव्हा नवीच जोडी घ्या. जोडीच घ्या, एकच बदलू नका. एक कडक आणि एक थकलेला असेल तर स्विंगआर्मवर पिळ बसतो.

खरेदीत सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतची लांबी. जुना शॉकअप सोबत न्या आणि शेजारी ठेवून मोजा. टोकांचा आकार, बुशचे भोक आणि रुंदीही जुळली पाहिजे. मुलांना गाडी मागून उंच केलेली आवडते. पण लांब शॉकअप लावले की हँडल चंचल होते, हेडलाइटचा झोत खाली पडतो, चेनचा कोन बदलतो आणि मधल्या स्टँडवर चाक नीट उचलले जात नाही. आखूड लावले तर स्पीडब्रेकरवर पोट घासते. कंपनीने ठरवलेली लांबी हीच योग्य लांबी.

दुसरा मुद्दा कडकपणाचा. या गाडीचे स्वतःचे वजन सुमारे ११० किलो आणि दोन मोठी माणसे सहज १४० किलो भरतात. म्हणजे बोजा गाडीहून जास्त. तरीही 'सर्वांत हार्ड द्या' म्हणू नका. एकटा मुलगा बसला की तीच गाडी दगडासारखी आदळते. स्प्रिंगच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या कड्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडीची उंची सावरते. दोन्ही बाजूंची खाच मात्र एकच ठेवा.

योग्य खाच टेपने ठरते. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, चाक लोंबू द्या. ॲक्सलपासून सरळ वर एका खुणेपर्यंत मोजा. मग स्टँड काढून नेहमीचा चालक बसवा, कोणी तरी गाडी धरा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश फरक यावा. हालचाल ८० मिलिमीटर असेल तर २५ ते ३० मिलिमीटर. मागे कोणी बसणार असेल तर खाच वाढवा. शेवटच्या खाचेवरही शॉकअप तळाला आपटत असेल तर स्प्रिंग मऊ आहे.

बाटलीवाल्या शॉकअपमध्ये खरा दाबाचा वायू असतो तेव्हा तेलाला फेस येत नाही. स्वस्त मालात ती बाटली नुसती शोभेची असू शकते. त्यापेक्षा पक्के बिल आणि नावाजलेला साधा माल बरा. आपल्याच राज्यात गॅब्रिएल आणि एन्ड्युरन्स हे काम करतात.

बसवताना एका वेळी एकच बाजू सोडा. नंतर चेनचा ताण आणि साडीगार्ड तपासा. ओढणी किंवा बुरख्याचे टोक चाकात जाऊ नये यासाठी मागचे चाक झाकणारे ते आवरण नियमानेही आवश्यक आहे, म्हणून शॉकअप बसवताना ते काढून कोपऱ्यात टाकू देऊ नका.

शेवटी एकच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालकामागे एकच माणूस बसू शकतो. ईदच्या खरेदीला चौघे निघाले तर रिक्षा करा. कोणताही शॉकअप तिसऱ्या माणसासाठी बनवलेला नाही.