पान वेगळे, हिशेब वेगळा

घरातली मुले आता वेबसाइट बनवायला शिकत आहेत. त्यांना आम्हाला एकच सांगायचे आहे: दिसणे आणि हिशेब एकाच फाइलीत कालवू नका.

ही चूक आम्ही स्वतः केली. एका छोट्या शाळेसाठी पीएचपीत फीची पाने लिहिली. सवलतीचे गणित रंग आणि तक्त्यांच्या मधोमध, तेही तीन पानांवर. पुढे सवलत वाढली. आम्ही दोन पाने दुरुस्त केली, तिसरे विसरलो. त्या पानावरच्या पावतीत जुनाच आकडा आला आणि एका आईने जादा पैसे भरले. पैसे परत केले, पण चूक आमचीच होती.

उपाय जुना आहे. १९७९ साली नॉर्वेच्या ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात कामाची वाटणी मांडली. मॉडेलने हिशेब सांभाळावा, व्ह्यूने तो दाखवावा, कंट्रोलरने वापरणाऱ्याचे म्हणणे पुढे पोचवावे. आता आमचे गणित एकाच जागी आहे. तिन्ही पाने त्यालाच विचारतात.

मुलाने सुंदर पान दाखवले तर कौतुक जरूर करा. मग हळूच विचारा, "बेटा, हिशेब कुठे लिहिलास?"