मूल वाढतं तेव्हा

दिवाळीची सुट्टी लागली की महाबळेश्वरची बाजारपेठ फुलते. भिलारच्या शिवारात स्ट्रॉबेरीची रोपं नुकती रुजलेली असतात आणि तालुक्यातल्या कितीतरी घरांची वर्षभराची मिळकत याच हंगामावर ठरते. ज्या घरात सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल आहे, तिथे याच दिवसांत आणखी एक पेच असतो: मजुरी बुडवून त्याला साताऱ्याला दाखवायला न्यायचं कधी? कांदाटी खोऱ्यातल्या आईबापांना आधी शिवसागर जलाशयातून लाँचने तापोळ्याला यावं लागतं, मग घाट चढून महाबळेश्वर, मग पुन्हा घाट उतरून सातारा. मूल कडेवर मावत होतं तोवर हे जमत होतं. दहा वर्षांच्या मुलाला घेऊन ते जमत नाही.

नेमकं याच वयात त्याचं दुखणं वाढू लागतं.

सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही. पण अंग वाढतं. हाडं भराभर लांब होतात आणि ताठरलेले स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत. टाच टेकेनाशी होते, गुडघा सरळ होत नाही, पाठीला बाक येतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिलं, की ज्या मुलांना चालायला आधार लागतो किंवा चालताच येत नाही, त्यांची हालचालीची क्षमता सात-आठ वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असते आणि पुढे किशोरवयात उतरू लागते. मग घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, ‘आईने व्यायाम घ्यायचं सोडलं असेल.’ या वाक्यातला अन्याय आधी थांबायला हवा.

मात्र प्रत्येक घसरण वयावर ढकलूनही चालत नाही. साधारण दर तीन मुलांत एकाचा खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकतो. बोलू न शकणारं मूल तेव्हा रात्र रात्र रडतं आणि घरचे त्याला हट्टी समजतात. किडलेला दात किंवा बद्धकोष्ठता यांनीही ताठरपणा वाढतो. येत असलेली गोष्ट मूल विसरू लागलं किंवा झटके वाढले, तर निदानच पुन्हा तपासावं लागतं. कारण सेरेब्रल पाल्सी म्हणून वर्षानुवर्षं वागवलेल्या एखाद्या मुलाला लेव्होडोपा या औषधाने आराम पडणारा वेगळाच आजार निघतो.

वेळेवर पाहिलं तर काय होतं, याचं उत्तर दक्षिण स्वीडनने दिलं आहे. तिथे १९९४पासून अशा प्रत्येक मुलाच्या खुब्यांची ठरावीक काळाने तपासणी आणि एक्स-रे होऊ लागले. त्याआधी शंभरातल्या आठ-दहा मुलांचा खुबा निखळत असे. पुढे ते प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. यात महागडं यंत्र नव्हतं. नोंद ठेवणारी आणि पुढच्या तारखेला मुलाला आठवणीने बोलावणारी माणसं होती.

महाराष्ट्राला हे परकं नाही. सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी मालिनी चिब हिच्यासाठी वाट शोधताना मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. शाळा आणि उपचार एकाच छताखाली आले. मालिनी सेंट झेवियर्समध्ये शिकली, लंडनमध्ये तिने दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि एका बोटाने टंकलेखन करत ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन लिहिलं. कुलाब्यात पन्नास वर्षांपूर्वी जे सुरू झालं, ते सह्याद्रीच्या माथ्यावर अजून पोचायचं आहे.

कागदावर पुष्कळ आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे. निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं विमा संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३पासून अंगणवाड्या आणि शाळांत जातात. पण अंथरुणावरचं मूल शाळेत नसेल, तर पथकाला ते दिसणार कसं?

म्हणून मागणी साधी आहे. आशाताईंच्या यादीत अशा प्रत्येक मुलाचं नाव असावं. महिन्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट तापोळ्याच्या बाजूला यावा, वर्षातून एकदा खुब्याचा एक्स-रे व्हावा आणि त्या दिवशी गाडी सरकारी असावी. आईला आठवड्यातून काही तास मोकळे मिळावेत, यासाठी शेजारपाजारच्या चार माणसांनी मुलाला उचलायची, भरवायची रीत शिकून घ्यावी. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत या तालुक्याचे रस्ते तुटले होते. दिवाळीनंतर पुढचा पाऊस लागण्याआधी एवढी व्यवस्था उभी करायला जिल्हा परिषदेच्या हाती सात महिने असतात.