म्हशीला आधी कळलं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची म्हैस दोन दिवस डोणीतल्या पाण्याला तोंड लावेना. जवळ जायची, मान खाली घालायची आणि एकदम मागं सरायची. आईचं म्हणणं, "दृष्ट लागली असंल." मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावायच्या बेतात होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे आई अनवाणीच गोठ्यात गेली, डोणीवरच्या नळाला हात लावला आणि ओरडून मागं झाली. "अरे, हाताला झिणझिण्या आल्या बघ!" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हैस आजारी नव्हतीच. तिला शॉक बसत होता.

आमचं घर बेळगावजवळच्या खेड्यात. पुढं घर, मागं परसू, त्यात विहीर आणि शंभरेक फुटांवर गोठा. गोठ्याला वीज नेली ती मीच, वीसेक वर्षांपूर्वी, कॉलेजात नुकता लागलो होतो तेव्हा. घराच्या वायरिंगमधून उरलेली दोन तारांची वायर आंब्याच्या फांदीवरून ओढली, मध्ये दोन जोड दिले, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. अर्थिंगची तिसरी तार घातलीच नाही. चार पैसे वाचले याचा केवढा आनंद झाला होता! पुढं त्याच वायरीवर दिवा आला, कडबा कापायचं यंत्र आलं, 1 अश्वशक्तीची मोटर आली. वायर तीच.

वायरमननं तासाभरात दुखणं शोधलं. "सर, मोटरीचं वायंडिंग ओल धरलंय. करंट बॉडीत उतरला, तिथनं लोखंडी पाइपात, पाइपातनं डोणीत."

"पण घरात एमसीबी आहे की! तो का पडला नाही?"

तो हसला. "एमसीबी तुमच्यासाठी नसतोय हो सर. तो वायरीसाठी."

मी वर्गात पोरांना शब्दांचे अर्थ सांगतो. या एका वाक्याचा अर्थ मात्र मला त्या दिवशी कळला. 16 अँपिअरचा एमसीबी त्याहून बराच जादा करंट वाहिला, की पडतो. वायर तापून आग लागू नये, हे त्याचं काम. पण माणसाच्या अंगातून अँपिअरचा दहावा भाग गेला तरी हृदय बंद पडू शकतं. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. जीव वाचवायचा तर आरसीसीबी हवा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो सतत ताडून पाहतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल, तर तेवढी गळती होताच डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठं, आणि त्या वाटेवर काळीज. माणसाला जिथं नुसती झिणझिण वाटते, तिथं जनावर दगावू शकतं.

मग आम्ही दोघं सोप्यात कागद घेऊन बसलो. आधी यादी केली: घरातले दिवे, पंखे, फ्रिज, मिक्सर, गिझर, गोठ्यातला दिवा, यंत्र, मोटर. त्यावरून नवा बोर्ड ठरला. सुरुवातीला एक मेन स्विच, पुढं दोन वेगळे आरसीसीबी, एक घराचा, एक गोठ्याचा. दोन कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "गोठ्यात ओल आली की घरात अंधार. दोनदा असं झालं की माणूस वैतागून आरसीसीबीच काढून टाकतोय." खरं आहे. दोन्हींचे न्यूट्रलही वेगळे ठेवले. ते एकमेकांत मिसळले, तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. मोटर सुरू होताना काही क्षण कितीतरी पट करंट ओढते, म्हणून तिला 'सी' प्रकारचा एमसीबी.

आंब्यावरची वायर उतरवली. पोलादी कवचाची तीन तारांची केबल अडीच फूट खोल चरातून नेली, वर वाळू आणि विटांचा थर दिला. लांब अंतरात व्होल्टेज पडतं, म्हणून तारा 4 चौरस मिलिमीटरच्या घेतल्या. गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, जनावराचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर, छोटी पेटी आणि तिथंच मेन स्विच. मोटरीची बॉडी, पाइप, दावणीचे गज, सगळं अर्थिंगला जोडलं. गोठ्याजवळ अर्थिंगचा नवा खड्डाही केला. उन्हाळ्यात माती सुकली, की त्यात पाणी ओतायचं.

हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, मंडळी. माझ्यासारख्या एम. ए. झालेल्यानं फक्त कागदावर यादी करावी.

खर्च झाला; तो सांगितल्यावर आईनं कपाळाला हात लावला. पण आता दर अमावास्येला गोठ्याच्या आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण तीच दाबते. खटका पडला, गोठ्यातला दिवा गेला, की तिचं समाधान होतं. त्या बटणानं अर्थिंग तपासलं जात नाही, म्हणून ते मृगाआधी दरवर्षी वायरमनकडून तपासून घ्यायचं ठरलं आहे.

म्हैस आता डोणीला तोंड लावून पोटभर पाणी पिते. मी मात्र अजून तो विचार झटकू शकत नाही. आईचा हात त्या पहाटे नळाला चिकटला असता, तर मी कुणाला दोष दिला असता? वायर तर मीच ओढली होती. तुमच्याही परसात अशी एखादी तार झाडावरून लोंबत असेल. आज संध्याकाळी जाऊन तेवढी बघून या.